दहाच्या आसपास

ईदच्या तिसऱ्या दिवशी आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. सोबत शीरखुर्म्याचा डबा होता आणि कागदांची एक फाइल. बी.फार्म. झाल्यावर गेली दोन वर्षे ती पुण्यातल्या एका रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. नव्या औषधाची माणसांवर चाचणी चालते, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णांना माहिती देणे, संमतीपत्राचे काम पाहणे, तपासण्यांच्या वेळा सांभाळणे आणि प्रत्येक नोंद लिहिणे हे तिचे काम.

फाइलमध्ये संमतीपत्राचा उर्दू मसुदा होता. "सर, समितीकडे जाण्याआधी एकदा नजरेखालून घाला," ती म्हणाली. आम्ही वाचू लागलो आणि पहिल्याच पानावर थांबलो. तिथे 'तजरबा' हा शब्द होता. उर्दूत तजरबा म्हणजे प्रयोग, आणि अनुभवही. एखाद्या वृद्ध खालाला हे वाचून दाखवले, तर डॉक्टरांना या औषधाचा मोठा अनुभव आहे, असे ती समजेल आणि समाधानाने अंगठा देईल. आम्ही सुचवले, सरळ लिहा: या औषधाची अजून तपासणी चालू आहे.

ती हसली. म्हणाली, "आमच्या ताईसुद्धा असंच पकडतात." ताई म्हणजे तिला काम शिकवणाऱ्या ज्येष्ठ सहकारी. पहिले काही आठवडे ताईंनी तिला फक्त शेजारी बसवून ऐकायला लावले. मग ती बोलायची आणि ताई ऐकायच्या. एकदा चिठ्ठ्या टाकून कोणाला कोणते औषध मिळणार हे ठरते, ही गोष्ट एका चाचांना समजत नव्हती. तिने सांगितले, "हजच्या कुर्ऱ्यासारखं आहे. डॉक्टर ठरवत नाहीत." चाचांना लगेच उमगले. तिला वाटले, आज शाबासकी मिळणार. ताईंनी बाहेर आल्यावर विचारले, "हजच्या कुर्ऱ्यात नाव निघालं की माणूस खूश होतो ना? मग नवं औषध मिळालं की नशीब उघडलं, असंच त्यांना वाटणार. इथे कोणतं औषध चांगलं, ते अजून कोणालाच माहीत नाही. म्हणून तर चाचणी. हे सांगितलं नाहीस, तर तू संमती घेतली नाहीस, औषध विकलंस." ती परत आत गेली, चाचांना समजावले आणि मग म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?" तेव्हापासून हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारते.

हे सारे ऐकून आम्हाला बरे वाटत होते. आपल्या शाळेची मुलगी एवढी शिकली! मग तिने दुसरी हकिकत सांगितली.

गेल्या वर्षी एका चाचणीत औषध दिल्यावर पंधरा, तीस आणि साठ मिनिटांनी रक्तदाब घ्यायचा होता. तिसाव्या मिनिटाला शेजारच्या रुग्णाला चक्कर आली आणि ती तिकडे धावली. परत येईपर्यंत वेळ निघून गेली होती. एक सहकारी म्हणाला, "आधीचा बघ, नंतरचा बघ, मधला आकडा टाक." तो वाईट मुलगा नव्हता. आधी ज्या ठिकाणी तो काम शिकला, तिथे रकाना रिकामा दिसला की सगळ्यांसमोर ओरडा बसायचा. रकाना कसा भरायचा, एवढेच तो तिथे शिकला होता.

तिने आकडा टाकला. रात्री झोप लागली नाही. औषधाने तिसाव्या मिनिटालाच रक्तदाब खाली जात असेल, तर ते सांगणारा एकच रकाना होता आणि तो तिने मनाने भरला होता. घरी अब्बू म्हणाले, "कंत्राटी नोकरी आहे, गप्प राहा." तरीही सकाळी तिने ताईंना सांगितले.

ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी तिला शेजारी बसवले. खोटा आकडा खोडरबराने पुसायचा नाही, पांढरी शाईही लावायची नाही. त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी 'रक्तदाब घेतला नाही', कारण, आजची तारीख आणि सही. मग दोघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. प्रकरण नैतिकता समितीला कळवले गेले. तिला लेखी समज मिळाली आणि पुढचे काही आठवडे तिच्या नोंदी ताई तपासत राहिल्या. पण ताईंनी आणखी एक गोष्ट केली. औषध देण्याच्या दिवशी एकाऐवजी दोघी हजर राहतील, असे वेळापत्रक बदलून घेतले. चूक कोणाची, हे विचारून त्या थांबल्या नाहीत. चूक का झाली, हेही त्यांनी विचारले.

आम्ही म्हटले, "बेटा, पण तू आकडा टाकलासच कसा? तू तर किती प्रामाणिक होतीस."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, "सर, भिंगाचा प्रयोग आठवतो?"

आठवला. विज्ञानाची जागा रिकामी होती म्हणून दोन वर्षे आम्ही, भाषेचे शिक्षक, दहावीचे प्रयोग घेत होतो. बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर काढायचे. भिंगावर दहा सेंटिमीटर लिहिलेले. कोणाचे साडेनऊ यायचे, कोणाचे अकरा. आम्ही म्हणायचो, "मुलांनो, दहाच्या आसपास आणा. जर्नल परीक्षक बघणार आहेत." आणि मुले आणायची. सगळ्या वर्गाची जर्नले सारखी, स्वच्छ, सुंदर. त्यावर आमची सही.

ती तक्रार करत नव्हती. आम्हीच विचारले म्हणून तिने सांगितले. पण त्या दिवशी शीरखुर्मा आमच्या घशाखाली उतरेना.

अबू बक्र अल-राझींचे नाव आपण मुलांना अभिमानाने सांगतो. दहाव्या शतकात इब्न अल-नदीम यांनी 'अल-फिहरिस्त' या ग्रंथात त्यांच्या बैठकीचे वर्णन नोंदवले आहे. राझींजवळ त्यांचे शिष्य बसत, त्यांच्यापलीकडे शिष्यांचे शिष्य. रुग्ण आधी बाहेरच्या वर्तुळाला आजार सांगे. त्यांना उत्तर आले तर ठीक, नाही तर आतल्या वर्तुळाकडे, आणि कोणालाच जमले नाही तर राझी बोलत. म्हणजे तिथे 'मला माहीत नाही' म्हणण्याची वाटच आखलेली होती. त्यांच्या टिपणांत एका तापाच्या रुग्णाची हकिकत आहे. दुखणे मूत्रपिंडात होते, पण ते सुरुवातीला नीट ओळखता आले नाही. पुढे लघवीतून पू गेला, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडून काय सुटले, हे राझींनी स्वतः लिहून ठेवले. ही टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर 'अल-हावी' या प्रचंड ग्रंथात एकत्र झाली. उस्तादाची चूक पुढच्या पिढ्यांना वाचता यावी, ही केवढी मोठी शिकवण!

आज आपल्या देशात 2019 चे औषध चाचणी नियम आहेत. रुग्णाला गंभीर त्रास झाला तर 24 तासांत कळवायचे, वाचता न येणाऱ्याची संमती तटस्थ साक्षीदारासमोर घ्यायची, रुग्णाला कधीही चाचणी सोडता येते, हे सारे लिहिलेले आहे. पण नियम खोलीत हजर नसतो. तिसाव्या मिनिटाला खोलीत असते एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी आणि तिच्या मनात तिच्या शिक्षकाचा आवाज. तो आवाज काय म्हणतो, यावर त्या खाटेवरच्या माणसाची अमानत अवलंबून असते.

आपल्या अनेक मुली-मुले आता फार्मसी, नर्सिंग, लॅबच्या शिक्षणाकडे वळत आहेत. पालकांनो, त्यांना पहिली नोकरी लागली की पगार जरूर विचारा. त्याबरोबर एवढेही विचारा: "तिथे तुझ्या हातून चूक झाली, तर तू कोणाला जाऊन सांगशील?" उत्तर लगेच आले, तर मूल चांगल्या हातात आहे. आणि घरी त्याने चूक सांगितली, तर आधी ऐकून घ्या. गप्प राहा म्हणू नका.

शाळेत विज्ञानाला आता शिक्षक आले आहेत. सुट्टीनंतर आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि सगळे सांगितले. या वर्षीच्या जर्नलांत साडेनऊ आहे, अकरा आहे, एकाचे तर तेरा आहे. त्याने खाली लिहिले आहे, "मोजपट्टी सरकली होती." सरांनी त्याला पूर्ण गुण दिले.