निनावी काठीचा कर्ता

जुन्या वस्तूवर कर्त्याचे नाव नसले की आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टी होतात. एक तर ती वस्तू माळ्यावर अडगळीत जाते; नाही तर तिला एखादे मोठे नाव चिकटवले जाते. वस्तू हातात घेऊन, उजेडात धरून, ‘बाई, तुला कुणी घडवले?’ असे तिलाच विचारण्याचा खटाटोप सहसा कुणी करीत नाही. माझे सारे म्हणणे या खटाटोपाविषयी आहे. मात्र ते मांडण्यासाठी मी घेतलेली वस्तू विजयदुर्गच्या वाचकाला जरा विचित्र वाटेल. ती आहे बिलियर्डची काठी.

किल्ल्याच्या सावलीतल्या कौलारू घरात बिलियर्डची काठी कशी आली, असे कुणीही विचारील. माझे आजोबा मुंबईला एका क्लबात ‘मार्कर’ होते. गुण मांडायचे, चेंडू जागेवर लावायचे, साहेबलोकांना जोडीदार नसला की त्यांच्याशी खेळायचे आणि बेताने हरायचे, हे मार्करचे काम. कोकणातला चाकरमानी गिरणीत गेला, गोदीत गेला, तसा क्लबातही गेला. आणि हा खेळ आपण समजतो तितका परकाही नाही. त्याचाच भाऊबंद स्नूकर 1875 साली जबलपूरच्या छावणीत जन्मला असे मानतात. आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यास बिलियर्डचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले. आजोबा निवृत्त होऊन गावी आले ते ही काठी बरोबर घेऊन. लांबी पावणेपाच फूट, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. नाव, चकती, शिक्का काहीही नाही.

विलायती कंपन्यांच्या काठ्यांना बुंध्यापाशी कंपनीची चकती बसवलेली असते. आमच्या काठीला ती नाही, तिच्या जागी खाचही नाही. म्हणजे चकती पडून गेली असेही म्हणता येत नाही. तरी घरी येणारा प्रत्येक जाणता पाहुणा ‘लंडनची आहे हो!’ असे छातीठोकपणे सांगून जाई. का, तर वरचा दांडा ऍशच्या लाकडाचा आहे आणि ते झाड आपल्या रानात होत नाही. तेवढे खरे. त्या फिकट लाकडावर बाणाच्या फाळासारख्या रेषा एकावर एक उमटलेल्या दिसतात. ऍशची ती खूण आहे. पण दांडा विलायती म्हणून काठी विलायती, हे म्हणजे कापड मँचेस्टरचे म्हणून सदराही तिकडच्या शिंप्याचा म्हणण्यासारखे झाले.

खरी साक्ष बुंधा देतो. काठीचा बुंधा दांड्याला जोडण्याच्या दोन रीती आहेत. यंत्राने सांधलेल्या काठीत काळ्या लाकडाची टोके सुईसारखी अणकुचीदार आणि सारख्या उंचीची येतात. हाताने सांधताना कारागीर दांड्याला चार बाजूंनी रंध्याने सपाटी आणतो, तिथे काळ्या लाकडाच्या पट्ट्या सरसाने चिकटवतो आणि मग सगळे मिळून गोल तासतो. त्यामुळे जोडाची टोके कमानीसारखी गोलसर येतात. आमच्या काठीवर कमानी आहेत. चारांपैकी एक सुमारे दोन गव्हांइतकी खाली बसली आहे. म्हणजे हे हातकाम. शिवाय चांगल्या विलायती काठीला एबनी वापरतात, तर हा बुंधा शिसवीचा आहे. आडव्या उन्हात धरला की त्यातली जांभळट झाक लपत नाही.

आणखी एक खूण आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी दाखवली. मला ती दिसली नव्हती. त्यांनी बुंध्यावरून नख फिरवले, काठी खिडकीशी नेली आणि म्हणाले, “ह्यां रंध्याचां काम नाय रे झिला, सांगाड्यावर चढवलेलां आसा.” रंध्याने तासलेल्या लाकडावर बारीक ओरखडे लांबीला धरून जातात. सांगाड्यावर फिरवून कातलेल्या लाकडावर ते कंकणासारखे आडवे फिरतात. झिलईखाली ती कंकणे आहेत, भिंगातून तर स्पष्टच दिसतात. म्हणजे जोड सुताराच्या रीतीचा, पण शेवटचा हात कातार्‍याचा. विलायती काठीचा जाणकार कारागीर ती शेवटपर्यंत रंध्यानेच उतरवतो. कातकामाची सवय असलेल्या माणसाचा हात मात्र सांगाड्याकडेच वळणार.

एवढ्यावरून मी म्हणतो ते असे: मोडक्या विलायती काठीचा दांडा वाचवून त्याला इकडच्याच कुणा कातार्‍याने शिसवी बुंधा चढवला. तो मुंबईतला होता की सावंतवाडीकडचा, हे वस्तू सांगत नाही. म्हणून मीही सांगणार नाही. सावंतवाडीच्या कातीव, लाखेच्या कामाशी जवळीक दाखवण्याचा मोह होतो, पण मोह हा पुरावा नव्हे.

हा मोह परवडत नाही याचे एक कारण घरातलेच आहे. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी दोन वर्षांपूर्वी काठी पाहून गेला. आहे तशी घ्यायला त्याने हजार-दीड हजार सांगितले. आणि मग हळूच म्हणाला, एका नामांकित विलायती कंपनीची जुनी चकती माझ्याकडे पडून आहे, ती बसवू, म्हणजे किंमत दसपट. घरात यावरून वाद झाला. चुलतभावाचे म्हणणे, “आजो काय आता बघूक येतलो?” आजोबा येणार नाहीत हे खरेच. पण त्या चकतीने फसणार होता तो केवळ गिऱ्हाईक नव्हे. ज्याच्या हातची ती एकच कमान जरा खाली बसली, त्या माणसाचे काम कायमचे दुसऱ्याच्या नावावर चढणार होते. घर पडले तर पुन्हा बांधता येते, पण चुकीच्या नावाने खपलेल्या वस्तूचा खरा कर्ता पुन्हा शोधायला कुणी बसत नाही.

नावाचा हा सोस आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का नावाचा काठ्यांचा मोठा कारागीर होऊन गेला. जन्म रशियातला, 1912चा. मृत्यू 1975 साली. 1986च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटात त्याच्या काठीचा मोठा बोलबाला आहे. पण पडद्यावर जी काठी दिसते ती त्याची नव्हेच, जॉस नावाच्या दुसऱ्या कारखान्याची आहे! आणि गंमत अशी की खुद्द बालाबुश्का आपल्या काठ्यांसाठी सांधलेले कच्चे दांडे दुसऱ्या कारागिरांकडून घेई. तेव्हा सही असली तरी ‘कर्ता कोण’ हा प्रश्न सुटतोच असे नाही. बिनसहीच्या वस्तूपुढे तो निदान उघडा तरी राहतो.

आता आपल्या गावाकडे वळतो, कारण हीच खोड आपल्या किल्ल्यालाही जडली आहे. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत. 18 ऑगस्ट 1868च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर साहेबांनी तेथून सूर्य न्याहाळला आणि हेलियम शोधला, असे येणाऱ्या पाहुण्याला अभिमानाने सांगितले जाते. पण त्या दिवशी लॉकियर हिंदुस्थानात नव्हते. ग्रहण पाहिले ते फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी, तेही आंध्रातल्या गुंटूरहून. लॉकियर यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, इंग्लंडात, ग्रहण नसताना. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याचा तर्क निघाला आणि 1895 साली रॅम्से यांनी तो वायू पृथ्वीवर मिळवला. लॉकियर विजयदुर्गला आले ते 22 जानेवारी 1898च्या ग्रहणासाठी; ‘मेल्पोमिनी’ या लढाऊ जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. ओटे त्यांच्या नावाने ओळखायचे तर ते या मोहिमेचे म्हणून ओळखले पाहिजेत.

यात गावाचा मान कमी होतो काय? मला तसे वाटत नाही. एका मोठ्या शास्त्रज्ञाने ग्रहण पाहण्यासाठी सारा सरंजाम बोटीने आपल्या बंदरात आणला, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे. तिला तीस वर्षे मागे ओढून दुसऱ्याच शोधाची चकती ठोकायचे कारण काय? आणि चकतीच्या नादात आणखी एक प्रश्न बुडाला तो बुडालाच: त्या ओट्यांचे दगड कुणी बसवले? नाव साहेबाचे. गवंडी कुठला, याची चौकशी मी तरी कुठे ऐकली नाही.

गिर्ये येथे वाघोटन खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती. 1756च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. पुढे आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार येथूनच चालवले. आंग्रे आणि धुळप ही नावे पोराटोरांनाही ठाऊक आहेत, आणि ती असावीत. पण त्या गलबतांचे कणे बसवणाऱ्या मेस्त्रींपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय? तिकडे मुंबईच्या गोदीतल्या जमशेटजी वाडियांची गोष्ट सांगतात. त्यांनी 1800 साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजाच्या आतल्या तुळईवर, सहज दिसणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे असे साहेबाच्याच शिवीसकट कोरून ठेवले म्हणे. सही कुठे करावी हे त्या माणसाला बरोबर कळले होते. आमच्या मेस्त्रींनी तेही केले नाही. त्यांची सही जोडात, कमानीत, कंकणात शोधावी लागते आणि ती वाचणारे डोळे आता थोडे उरले आहेत.

ज्या मेस्त्रींनी काठीवरची कंकणे दाखवली त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. कुठली होडी कुणाच्या हातची, हे ते नाळेचा बाक पाहून सांगतात. त्यांच्या मुलांना ते येत नाही. आता फायबरच्या होड्या साच्यातून निघतात, आणि साच्याला बाक एकच. आपल्या महाविद्यालयात इतिहासाचे विद्यार्थी दरवर्षी किल्ल्याची सहल काढतात आणि बुरूज मोजून परत येतात. पुढच्या सहलीत एक दिवस किल्ला सोडावा, बंदरावर ओढून ठेवलेल्या जुन्या लाकडी होड्यांपाशी मेस्त्रींना घेऊन जावे आणि ते सांगतील ती नावे, ती कशावरून ओळखली त्या खुणेसह, वहीत उतरवावीत. जिथे ते ‘ठावक नाय’ म्हणतील तिथे तसेच लिहावे.