रायगडच्या बहिणी फक्त मतापुरत्या?

राज्य सरकारने २०२४ साली लाडकी बहीण योजना आणली. महिलांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये जमा होऊ लागले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात महायुतीने विधानसभा प्रचंड बहुमताने जिंकली. बाईच्या मताची किंमत त्या निकालाने सर्वच पक्षांना कळली. ही योजना ज्या महिला व बालविकास खात्याने राबविली, त्याच्या मंत्री आदिती तटकरे या आपल्याच रायगडच्या. २०१७ मध्ये त्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, २०१९ मध्ये श्रीवर्धनच्या आमदार व राज्यमंत्री, २०२३ मध्ये कॅबिनेट मंत्री. एका तरुण स्त्रीने सहा वर्षांत एवढी मजल मारली याचा आम्हाला आनंदच आहे. पण वडील सुनील तटकरे अनेक वर्षे मंत्री राहिलेले नेते नसते, तर रोह्याच्या एखाद्या मुलीला ही शिडी सापडली असती काय? अलिबागच्या मीनाक्षी पाटील आमदार आणि राज्यमंत्री झाल्या, त्याही शेकापच्या पाटील घराण्यातूनच.

घराण्याबाहेरच्या बाईचे काय? लोकसभेच्या बाबतीत तर घराण्यातल्या बाईलाही येथे जागा मिळालेली नाही. १९५२ साली कुलाब्यातून चिंतामणराव देशमुख निवडून गेले. तेव्हापासून २०२४ पर्यंत, आधी कुलाबा आणि नंतर रायगड या मतदारसंघाने एकही महिला खासदार दिल्लीला पाठवलेली नाही. त्याच २०२४ मध्ये महाराष्ट्रातून सात महिला खासदार झाल्या. त्यांत वर्षा गायकवाड या मुंबईच्या खुल्या जागेवरून निवडून आल्या, ही आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. मात्र संपूर्ण देशात ५४३ पैकी महिला ७४. २०१९ मध्ये त्या ७८ होत्या. प्रभाव वाढला म्हणतात, पण संख्या घटली!

२०२३ साली संसदेने महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखणारी १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. अंमल मात्र जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवला, म्हणून २०२४ ची निवडणूक तिच्याविनाच झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही महिलांचा तिसरा हिस्सा आहे, हे चांगलेच. पण रायगडमध्ये त्याचा उपयोग कुणाला? जिल्ह्यातील सातही विधानसभा मतदारसंघ खुले आहेत. ज्या जिल्ह्यात बाबासाहेबांनी १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी खुले केले, मनुस्मृती जाळली आणि महाडच्या परिषदेत महिलांपुढे स्वतंत्र भाषण केले, त्या जिल्ह्यातून बौद्ध किंवा कातकरी बाईने विधानसभेत जायचे तर खुल्या जागेवरूनच. आणि पेणची आगरी, रोह्याची कुणबी बाई? ओबीसी महिलांसाठी त्या कायद्यात कोटाच नाही. उद्या फेरपालटात एखादा मतदारसंघ महिलांसाठी राखीव झाला, तर उमेदवारी कुणाच्या लेकीसुनेला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

आमच्या बाईची शिडी ग्रामपंचायतीत सुरू होते आणि जिल्हा परिषदेपाशी संपते. तीही दर निवडणुकीला हलते. पाच वर्षे पंचायतीत बसून ती ग्रामसेवकाचे दप्तर वाचायला शिकते, वाडीच्या पाण्यासाठी, दाखल्यांसाठी तहसीलला खेटे घालते आणि काम जमू लागले की आरक्षण दुसऱ्या प्रभागात जाते. जागा खुली झाली की कोणताही पक्ष तिला विचारत नाही. ती नालायक असते म्हणून नव्हे, तर खुली जागा म्हणजे आमची नव्हे असे पक्षांनी ठरवून टाकले आहे म्हणून. घटनेत असे कुठेही लिहिलेले नाही.

या तालुक्यांत बायकांना राजकारण कळत नाही असे कुणी म्हणू नये. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेणच्या बावीस गावांत महामुंबई सेझवर सरकारने सार्वमत घेतले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या त्या जमिनी. घरचा सातबारा बहुधा पुरुषांच्या नावावर, पण लढ्यात बायका पुढे होत्या आणि उल्का महाजन या लढ्याच्या नेत्यांपैकी एक होत्या. देशातल्या सर्वात बलाढ्य उद्योगसमूहाला ती जमीन मिळाली नाही. त्या गावांतली एक तरी बाई पुढे आमदारकीच्या तिकिटासाठी विचारात घेतली गेली काय?

हिंदू कोड बिल अडवले गेले, हे एक प्रमुख कारण देत बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले. त्यांचे नाव घेणारे रिपब्लिकन गट आज युतीत आणि आघाडीत जागा मागताना पुरुषांचीच यादी पुढे करतात. सभेला गर्दी महिलांची, व्यासपीठावर खुर्च्या पुरुषांच्या, हे जयंतीपासून मेळाव्यापर्यंत सर्वत्र दिसते. आमची मागणी साधी आहे. या गटांनी पेण आणि रोह्यातील किमान एका खुल्या जागेवर, जिल्हा परिषदेपासूनच, पंचायतीत काम केलेल्या बौद्ध किंवा आदिवासी महिलेचे नाव युतीच्या बोलणीत आधी टेबलावर ठेवावे. मोठ्या पक्षाने ते नाकारले, तर कुणी आणि का नाकारले ते जाहीर सभेत सांगावे. दीड हजारांसाठी अर्ज भरून घ्यायला वाडीवस्तीवर गेलेल्या पुढाऱ्यांना उमेदवारीचा अर्ज घेऊन तिथवर जाणे जड पडू नये.