नियम मागून येणाऱ्यासाठी लिहा

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने सोडायचे अंतर

सन्माननीय आयुक्त,

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना एक राहून गेलेले काम करायला सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ ला २०१९ साली १(अ) हे पोटकलम जोडले गेले. त्याखाली पादचारी आणि बिगरयांत्रिक वाहनांसाठी राज्यांनी नियम करायचे होते. त्यासाठी न्यायालयाने तेव्हा सहा महिन्यांची मुदत दिली. बिगरयांत्रिक वाहनांत हातगाडी येते, बैलगाडी येते आणि सर्वांत जास्त संख्येने सायकल येते. हे नियम ठरताना आपल्या खात्याच्या म्हणण्याला वजन असणार, म्हणून हे पत्र आपल्या नावे आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मला वाटणारी भीती आधी सांगते. या पोटकलमाचा रोख बिगरयांत्रिक वाहनांच्या वावराचे नियमन करण्याकडे आहे. त्यामुळे मसुदा लिहायला बसलेल्या माणसाला पहिल्यांदा सुचेल ते सायकलवाल्याने काय करावे आणि काय करू नये हेच. कडेने जा, रिफ्लेक्टर लावा, अमुक रस्त्यावर येऊ नका, अमुक वेळेत येऊ नका. यातले काही योग्यही असेल. द्रुतगती मार्गावर सायकल नको, हे मला मान्य आहे. पण शहरातल्या आणि गावाकडच्या रस्त्यांवर सायकलवाल्याला जो धोका असतो तो मागून येतो. मागून येणाऱ्याने काय करायचे हे या नियमांत नसेल, तर ज्याला संरक्षण हवे होते त्याच्याच पायात आणखी एक बेडी पडेल.

पुण्यात सायकल चालवणाऱ्या कोणालाही विचारा, ‘कट मारला’ म्हणजे काय ते तो लगेच सांगेल. गाडी मागून येते, हॉर्न वाजत राहतो, आणि मग चालक हँडलला जवळजवळ घासून पुढे जाऊन एकदम डावीकडे घेतो. काही जण घाईत असतात, त्यांना अंतराचा अंदाज येत नाही. पण काही जण मुद्दाम करतात. ओलांडताना काच खाली होते आणि शिवी बाहेर येते, फुटपाथवरून चालव म्हणून दम दिला जातो. बाईमाणूस सायकलवर असेल तर मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून पाठीवर थाप मारून जाणारेही आहेत. हे मी स्वतः सोसले आहे, माझ्या मैत्रिणींनीही सोसले आहे. त्यानंतर बराच वेळ मागून येणाऱ्या प्रत्येक इंजिनाच्या आवाजाने अंग आकसते. अनेकींनी याच कारणाने सायकल सोडली. गुडघे दुखतात म्हणून सोडली, असे त्या घरी सांगतात.

गाडीत बसलेल्याला वाटते की सायकलवाला उगाच रस्त्याच्या मध्ये येतो. डांबराच्या अगदी कडेला काय असते ते काचेआडून दिसत नाही. तिथे ड्रेनेजची खचलेली झाकणे असतात, पावसाने वाहून आलेली खडी असते, केबलसाठी खणून वरवर बुजवलेला चर असतो. उभ्या केलेल्या गाडीचे दार केव्हाही उघडते. म्हणून शहाणा सायकलस्वार कडेपासून हातभर आत चालवतो आणि खड्डा आला की आणखी थोडा उजवीकडे सरकतो. सरकायला जागा लागते. बस किंवा डंपर वेगात जवळून गेला की हवेचा झोत आधी ढकलतो आणि मग आत ओढतो. त्या क्षणी हँडल जेवढे हलते, तेवढीही जागा बाजूला नसेल तर माणूस चाकाखाली जातो. धक्का लागला नाही म्हणजे काही झाले नाही, ही समजूत म्हणूनच खोटी आहे.

‘सायकल ट्रॅक दिलाय ना, मग रस्त्यावर कशाला?’ हेही नेहमी ऐकावे लागते. पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच्याही आधी बीआरटीच्या बसमार्गांबरोबर सातारा रस्ता आणि सोलापूर रस्ता यांच्या कडेने ट्रॅक बांधले गेले होते. ते सलग किती आहेत, त्यांवर दुचाक्या किती उभ्या असतात आणि टपऱ्या किती आहेत, हे कोणीही चालत जाऊन पाहावे. पण ट्रॅकचा विषय महापालिकेचा आहे, तो या पत्रात वाढवत नाही. उद्या सगळीकडे उत्तम ट्रॅक झाले, तरी घरापासून ट्रॅकपर्यंत आणि ट्रॅकपासून कामापर्यंत सायकल याच रस्त्यावरून जाणार आहे, आणि चालकही हेच असणार आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सायकलस्वार तुम्हाला कितपत ‘पूर्ण माणूस’ वाटतो, असे त्यांनी ४४२ लोकांना विचारले. स्वतः सायकल न चालवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या उत्तरात तो पूर्ण माणसापेक्षा कमी भरला. ज्यांना तो कमी माणूस वाटला त्यांच्यातच त्याला मुद्दाम अडवल्याची, जवळून गाडी नेल्याची कबुली अधिक आढळली. आपल्याकडे असा अभ्यास झाला तर काय निघेल याचा अंदाज मला रस्त्यावरच्या अनुभवावरून येतो. आपल्याकडे यात आणखी एक थर आहे. हेल्मेट घातलेल्या, गिअरच्या सायकलवरच्या माणसाला निदान ‘सर, बाजूला घ्या’ म्हणतात. कॅरिअरला डबा बांधून रात्रपाळीला निघालेल्या वॉचमनला, पहाटे पेपर टाकणाऱ्या पोराला, पाववाल्याला किंवा बांधकामावरच्या मजुराला कोणी ‘सर’ म्हणत नाही. त्यांच्याशी अरेतुरेच होते, आणि त्यांना कटही अधिक जवळून बसतो.

एक गोष्ट फक्त शासनाच्याच हातातली आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्य सरकार आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देते. शाळा लांब पडते म्हणून मुलीचे शिक्षण थांबू नये, यासाठी इतकी थेट उपयोगी पडणारी दुसरी योजना मला आठवत नाही. पण त्या सायकली चालतात कुठे? वाळूचे डंपर आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ज्या रस्त्यांनी धावतात त्याच रस्त्यांनी, साइडपट्टी नसलेल्या डांबराच्या कडेने. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, पाठीवर दप्तर, आणि मागून प्रेशर हॉर्न. तिला सायकल देणारे शासनच तिच्या मागच्या डंपरच्या चालकाला लायसन्स देते. सायकल देताना तिचे नाव यादीत लिहिले जाते. लायसन्स देताना, तुझ्या पुढे अशी मुलगी असेल तेव्हा गाडी किती लांबून न्यायची, हे चालकाला कोणी विचारत नाही. हा दुवा जोडणे आपल्या खात्याचे काम आहे, असे मला मनापासून वाटते.

देशात दरवर्षी साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर मरतात, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच २०२१ आणि २०२२ च्या अहवालांत आहे. त्यातले फार थोडे बातमीत येतात. २८ फेब्रुवारी २०२४ ला सकाळी नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर इंटेलचे भारतातील माजी प्रमुख अवतार सैनी यांच्या सायकलला टॅक्सीने मागून धडक दिली आणि ते गेले. ते नावाजलेले होते म्हणून आठवडाभर चर्चा झाली. बाकीचे स्थानिक पानावरच्या चार ओळींत संपतात. मृत्यूची निदान नोंद तरी होते. थोडक्यात टळलेल्या अपघाताची कुठेच नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा बंदोबस्तही नाही.

कायद्यात काहीच नाही, असे मी म्हणत नाही. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षेची चालकाने विशेष काळजी घ्यावी असे सांगितले आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक चालवण्याला शिक्षा सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ ला तर रक्त सांडावे लागत नाही, जीव धोक्यात आला एवढे पुरते. पण ‘विशेष काळजी’ म्हणजे किती, हे चौकात उभ्या असलेल्या हवालदाराने कसे ठरवायचे? चालक म्हणतो, भरपूर जागा सोडली होती. सायकलवाला म्हणतो, घासून गेला. मोजायला काहीच नसल्यामुळे तक्रार तिथेच मिटते. हेल्मेट आहे की नाही, सिग्नल लाल होता की नाही, हे डोळ्यांना दिसते म्हणूनच त्याचे चलान होते.

म्हणून अंतर आकड्यात लिहावे, ही माझी मुख्य मागणी आहे. जर्मनीने २०२० मध्ये शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असे लिहिले. फ्रान्समध्ये वस्तीत एक आणि बाहेर दीड मीटर आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्याने २०१४ मध्ये प्रयोग म्हणून ताशी ६० किलोमीटरपर्यंत एक मीटर आणि त्याहून अधिक वेगाच्या रस्त्यांवर दीड मीटर असा नियम आणला, आणि दोन वर्षांनी तो कायम केला. आपल्या रस्त्यांना क्वीन्सलंडचा नमुना जवळचा वाटतो. त्यात एक भर घालावी : बस, ट्रक, डंपर आणि ट्रॉली यांनी सायकलस्वाराला ओलांडताना वेग कोणताही असो, दीड मीटरच सोडावे.

आपले रस्ते अरुंद आहेत, दीड मीटर आणायचे कुठून, असे विचारले जाईल. जागा नसेल तिथे ओलांडायचे नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे. मागे थांबायचे, पुढे रस्ता रुंद झाला की जायचे. त्यात जे काही सेकंद जातात ते पुढच्या सिग्नलला तसेही जाणार असतात. समोरून ट्रक येत असताना कोणताही चालक असाच थांबतो, कारण तिथे त्याचा स्वतःचा जीव असतो.

नियम कागदावरच राहील, ही शंका मलाही आहे. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये जे केले ते त्यासाठी सांगावेसे वाटते. तिथला एक वाहतूक पोलीस साध्या कपड्यांत सायकलवर निघाला. त्याला जो फार जवळून ओलांडून जाई त्याचा नंबर तो पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांना कळवी. गाडी थांबवली जाई. रस्त्याच्या कडेला एक मोठी चटई अंथरलेली असे, तिच्यावर सायकल, गाडी आणि मधले अंतर आखलेले. चालकाला तिथेच समजावून सांगत. ऐकायची तयारी नसली किंवा चूक गंभीर असली तर खटला. याला फार पैसा लागत नाही. एक सायकल, एक वॉकीटॉकी आणि सायकलवर बसायला तयार असलेला एक पोलीस लागतो. आपल्या मोटार वाहन निरीक्षकांनी आणि वाहतूक पोलिसांनी मिळून पुणे, नाशिक, नागपूर अशा दोन-तीन शहरांत महिनाभर हे करून पाहावे. साध्या वेशातली महिला पोलीस सायकलवर असेल, तर बाकीचेही बरेच काही नजरेला पडेल.

आणि लायसन्स. दुचाकीच्या पक्क्या लायसन्ससाठी आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. चारचाकीला चढावर गाडी थांबवून उचलावी लागते. पुढे सायकल असताना काय करायचे, हा प्रसंग चाचणीच्या मैदानावर येतच नाही. तो आणता येईल. शिकाऊ लायसन्सच्या प्रश्नांत अंतराचा प्रश्न प्रत्येकाला यावाच, अशी सोय करणे तर आणखी सोपे आहे. बस आणि जड वाहनांच्या चालकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणात एक तास त्यांना स्वतः सायकलवर बसवून बाजूने बस न्यावी. सुरक्षित अंतरावरूनच, पण न्यावी.

सायकलवालेही उलट्या दिशेने येतात, सिग्नल तोडतात, रात्री विनादिव्याचे फिरतात, असे कोणी म्हणेल. येतात. त्यांना अडवावे, समज द्यावी, दंडही करावा. पण त्यांच्या चुकीची शिक्षा मागून येणाऱ्या मोटारीने द्यायची नसते, आणि बहुतेक वेळा कट ज्याला बसतो तो काहीच न मोडता सरळ आपल्या वाटेने चाललेला असतो.

शेवटची विनंती. मोटार वाहन कायद्याखालचे नियम अंतिम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. ती सूचना फक्त राजपत्रात आणि संकेतस्थळावर राहिली, तर आमच्यासारखे लिहू शकणारे लोकच उत्तर देतील. ज्यांचे सगळे आयुष्य सायकलवर चालते, त्यांना ती कळणारही नाही. सायकली मिळालेल्या मुलींच्या शाळांत, औद्योगिक वसाहतींच्या दारांवर, मजूर अड्ड्यांवर तो मसुदा मराठीत आणि हिंदीत लावावा. सुनावणी ठेवाल तेव्हा ती पाळी सुटल्यानंतर, संध्याकाळी ठेवावी, आणि मुंबईबरोबर एखाद्या तालुक्याच्या ठिकाणीही घ्यावी. तारीख आणि जागा जाहीर केलीत, तर मी आणि माझ्याबरोबरच्या अनेक जणी तिथे येऊन आमचे म्हणणे लेखी देऊ.

आपली,
पुण्यातली एक सायकलस्वार