गच्चीवरचा अँटेना आणि जनतेच्या लहरी

१/ भारतातील दूरचित्रवाणीचा इतिहास बहुधा उद्‌घाटनांच्या तारखांनी सांगितला जातो : १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्ली, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई, १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे. या कथनात मनोऱ्याला स्थान आहे. मनोऱ्याकडे तोंड करून कौलांवर, पत्र्यांवर उभ्या राहिलेल्या अँटेनाला नाही. ही उणीव किरकोळ नाही.

२/ त्या सांगाड्याचे मूळ जपानमधले. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात १९२६ च्या सुमारास शिंतारो उदा यांनी तो सिद्ध केला. १९२८ मध्ये हिदेत्सुगु यागी यांचा इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला. त्यात उदांचे श्रेय नोंदलेले असूनही जगाच्या तोंडी ‘यागी’ हे एकच नाव बसले.

३/ रचना सोपी होती. मध्ये लहरी टिपणारी दांडी, मागे किंचित लांब परावर्तक, पुढे किंचित आखूड दिग्दर्शक. दांडीची लांबी तरंगलांबीच्या साधारण निम्मी. ६० मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी सुमारे ५ मीटर, म्हणजे दांडी अडीच मीटरांहून थोडी कमी. एवढे गणित, ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि चपटी दुपदरी वायर हाताशी असली की अँटेना घरीच तयार होई.

४/ मग एकाने वर चढून तो फिरवायचा आणि दुसऱ्याने पडद्यावरच्या ‘मुंग्या’ कमी झाल्या का, हे खिडकीतून ओरडून सांगायचे. मनोरा कोणत्या दिशेला, कोणता डोंगर आड येतो, हे घराघराला ठाऊक झाले. हेही तंत्रज्ञानच होते. फक्त त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

५/ या काळाचे गोडवे मात्र गाऊ नयेत. फुकट म्हणजे मुक्त नव्हे. अँटेना घरचा असला तरी त्यात उतरणारा आवाज सरकारी होता. आणीबाणीत तर केवळ सरकारचाच.

६/ फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिचित्रलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. विरोधाभास असा, की तोवर केबल घरोघरी शिरू लागली होती. लहरी कायद्याने जनतेच्या ठरल्या, तेव्हाच त्या स्वतःच्या हाताने पकडण्याची सवय सुटत होती. २०२२ पर्यंत प्रसार भारतीने मोजके अपवाद वगळता जुने ॲनालॉग भू-प्रक्षेपक बंद केले.

७/ दूरदर्शनची फ्री डिश आजही मासिक शुल्काविना दिसते. पण तिचा सेट-टॉप बॉक्स घरी घडवता येत नाही. बदलले ते इथे. प्रेक्षक एकेकाळी प्रसारणाच्या यंत्रणेचा शेवटचा दुवा स्वतः बांधत असे. आता तो केवळ ग्राहक उरला आहे.

८/ म्हणून जुना टीव्ही जपणाऱ्यांनी अँटेनाही जपावा. गच्चीत पडून असलेला सांगाडा भंगारात जाण्यापूर्वी त्याची मापे, त्याची दिशा आणि बांधणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे. उदांचे नाव निबंधात छापलेले असूनही मागे पडले; या माणसांची नावे तर कुठे छापलेलीच नाहीत.