खरवडलेला रस्ता जातो कुठे?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शहराच्या पेठेतून चालताना एक गोष्ट सहज दिसते. रस्ता वर आणि घरे खाली. जिथे पूर्वी दोन पायऱ्या चढून ओटीवर जावे लागे, तिथे आता एक पायरी उतरून घरात शिरावे लागते. घर खचलेले नसते, रस्ता चढलेला असतो. जुन्या डांबरावर नवे डांबर, त्यावर पुन्हा नवे, असे दर पाच-सहा वर्षांनी चार-चार सेंटिमीटरचे थर पडत गेले, की पंचवीस-तीस वर्षांत रस्ता वीतभर उंच होतो.

हा प्रश्न केवळ स्थापत्य अभियंत्यांचा नाही, आरोग्याचाही आहे. रस्ता चढला की पावसाचे पाणी गटाराऐवजी घराकडे वळते. तळमजल्याच्या भिंतींना ओल धरते, ओलीवर बुरशी येते आणि दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढतो. साचलेल्या पाण्यात डास होतात. तुंबलेल्या गटाराचे पाणी घरात आले, तर लेप्टोस्पायरोसिसपासून काविळीपर्यंतचे आजार त्याच वाटेने येऊ शकतात. रस्ता आणि घर यांच्यातली उंचसखल पायरी वृद्धांच्या खुब्याच्या हाडावर बेतते.

उपाय नवा नाही आणि अवघडही नाही. नवा थर टाकण्याआधी जुना थर यंत्राने खरवडायचा आणि तोच माल प्रक्रिया करून नव्या मिश्रणात वापरायचा. तामिळनाडूत २०२१ मध्ये राज्याच्या मुख्य सचिवांनी रस्त्याची उंची वाढू न देता, आधी खरवडून मगच नवा थर टाकण्याचे आदेश काढले होते. महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी मिलिंग यंत्रे रस्ते खरवडताना दिसतात. मात्र खरवडणे हा अर्धाच उपाय आहे. निघालेला माल कुठे जातो, हा उरलेला अर्धा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही.

राडारोडा नव्हे, माल

डांबरी रस्त्यात डांबर फार थोडे असते. वजनाने साधारण ९५ टक्के खडी, कच आणि दगडाची भुकटी. उरलेले पाचेक टक्के बिटुमेन, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात शेवटी उरणारा काळा, चिकट पदार्थ. एक किलोमीटर लांब आणि सात मीटर रुंद रस्त्याचा चार सेंटिमीटर थर खरवडला, तर सुमारे साडेसहाशे टन माल निघतो. दहा टनी ट्रकच्या पासष्ट खेपा. त्यात सहाशे टनांहून अधिक खडी आणि तीसेक टन बिटुमेन असते.

ही खडी कुठल्या तरी डोंगराला सुरुंग लावून काढलेली असते. बिटुमेन ज्या कच्च्या तेलातून येते, त्यातले ८५ टक्क्यांहून अधिक तेल भारत आयात करतो. तयार बिटुमेनही बाहेरून येते. असा माल नाल्याकाठी, पाणथळ जागेत किंवा गावाबाहेरच्या खड्ड्यात ओतणे म्हणजे एकाच वेळी डोंगर, परकीय चलन आणि पाण्याची वाट वाया घालवणे आहे.

रस्ता जुना झाला म्हणून त्यातला दगड जुना होत नाही. म्हातारे होते ते बिटुमेन. ऊन आणि हवेतला प्राणवायू यांमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते, त्यातले तेलकट घटक घटतात, ते कडक आणि ठिसूळ बनते. नव्या मऊ बिटुमेनची किंवा विशिष्ट तेलांची योग्य मात्रा मिसळली, तर हा कडकपणा बऱ्याच अंशी कमी करता येतो. पुनर्वापराचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे: जुने बिटुमेन किती कडक झाले आहे हे मोजायचे आणि त्या मानाने मिश्रण ठरवायचे.

जगात हे फार पूर्वीच सुरू झाले. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने जुन्या डांबरी रस्त्यांकडे तेलाचा साठा म्हणून पाहायला सुरुवात केली. आज तिथे वर्षाला सुमारे नऊ कोटी टन जुने डांबरी मिश्रण नव्या रस्त्यांत जाते आणि नव्या मिश्रणात त्याचे सरासरी प्रमाण एक पंचमांशाच्या वर आहे. तेल आणि जागा या दोन्हींची टंचाई असलेल्या जपानमध्ये पुनर्वापराच्या मिश्रणात जुन्या मालाचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. भारतातही इंडियन रोड्स काँग्रेसने डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापराची मार्गदर्शिका २०१५ मध्येच प्रसिद्ध केली आहे. तंत्र आणि नियम दोन्ही हाताशी आहेत. कमी पडते ती अंमलबजावणी.

डांबर आणि डांबर

इथे मराठीतला एक शब्द घोटाळा करतो. ‘डांबर’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या पदार्थांसाठी वापरला जातो. एक दगडी कोळशापासून मिळणारे डांबर, म्हणजे कोल टार. दुसरे खनिज तेलापासूनचे बिटुमेन. दोन्ही काळे, दोन्ही चिकट. शरीरावरचा परिणाम मात्र सारखा नाही.

कोल टारमध्ये बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बन गटातली रसायने भरपूर असतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या संशोधकांनी १९१५ मध्ये सशांच्या कानांना महिनोन्महिने कोल टार चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला होता. एखाद्या रासायनिक पदार्थाने प्रयोगशाळेत कर्करोग घडवल्याचा तो पहिला ठोस पुरावा मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कोल टारच्या पिचला ‘माणसात कर्करोग घडवणारे’ या पहिल्या गटात टाकले आहे. रस्ता करताना बिटुमेनमधून निघणाऱ्या धुराला हीच संस्था त्याहून बऱ्याच खालच्या ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवते.

भारतात आज रस्त्यांवर पडते ते बिटुमेन. पण पूर्वी इथेही ‘रोड टार’ रस्त्यांसाठी वापरले जाई. म्हणूनच फार जुन्या रस्त्याचे खालचे थर खणून काढताना त्यात काय आहे, हे पाहिले पाहिजे. नेदरलँड्समध्ये या बाबतीत कडक नियम आहे. टार असलेले जुने डांबरी मिश्रण तिथे पुन्हा रस्त्यात वापरता येत नाही. ते वेगळे काढून भट्टीत जाळून टार नष्ट करावे लागते. तपासणीही फार खर्चीक नाही. कापलेल्या तुकड्यावर विशिष्ट फवारा मारून रंग बदलतो का ते पाहतात आणि संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत जातो.

पुनर्वापर म्हणजे आपोआप निर्धोक, असे समजू नये ते यासाठी. जुन्या मालात विष असेल, तर पुनर्वापराने ते पुढच्या पिढीच्या रस्त्यातही जाते.

धूर कोणाच्या फुप्फुसात?

गरम डांबरी मिश्रण साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार होते. ते फावड्याने ओढणारे, घमेल्यातून टाकणारे मजूर महाराष्ट्रभर दिसतात. त्यांत बायकांची संख्या मोठी असते. अनेकांच्या पायात बूट नसतात, गोणपाट गुंडाळलेले असते. तोंडाला पदर किंवा रुमाल, एवढेच संरक्षण. छोट्या कामांत रस्त्याकडेला पिंपाखाली लाकडे, कधी टायरसुद्धा जाळून डांबर पातळ केले जाते. त्या धुरात बिटुमेनपेक्षा जळणाऱ्या रबराचे विष अधिक असते.

पुनर्वापरात हा धोका वाढवायचा की कमी करायचा, हे पद्धतीवर ठरते. जुना माल थेट ज्वाळेत गेला, तर त्यातले बिटुमेन जळते, निळसर धूर निघतो आणि माल निकृष्ट होतो. चांगल्या प्लांटमध्ये नवी खडी जास्त तापवतात आणि तिच्या उष्णतेने जुना माल गरम होतो. ज्वाळेचा त्याला स्पर्श होत नाही. ‘वॉर्म मिक्स’ पद्धतीत मिश्रणाचे तापमान २० ते ४० अंशांनी कमी राखता येते. तापमान उतरले की धूर उतरतो, इंधनही वाचते. अमेरिकेत १९९७ नंतर बनलेल्या महामार्गांसाठीच्या पेव्हर यंत्रांवर धूर ओढून मजुरांपासून दूर नेणारी व्यवस्था बसवण्याचा करार शासन, उद्योग आणि कामगार संघटना यांनी मिळून केला होता.

धुराप्रमाणेच धूळ. खरवडताना दगडही दळला जातो. सह्याद्रीच्या काळ्या दगडात स्फटिकी सिलिका ग्रॅनाइटच्या मानाने बरीच कमी असते, पण बारीक धूळ कुठल्याही दगडाची असली तरी फुप्फुसाला त्रासच देते. खरवडणाऱ्या दातांवर सतत पाण्याचा फवारा आणि काम संपताच रस्ता झाडून घेणे, हे दोन साधे उपाय आहेत. रात्री रस्ता खरवडून आठ-दहा दिवस तसाच सोडला, तर ती धूळ दुकानदार, शाळकरी मुले आणि दुचाकीस्वार खातात.

सोसायटीचा आतला रस्ता

खरवडलेल्या डांबरी चुऱ्याला छोट्या कामांतही चांगला उपयोग आहे. सोसायटीच्या आवारातला रस्ता, शेतघराकडे जाणारी वाट, शाळेच्या मागचे वाहनतळ अशा हलक्या वाहतुकीच्या जागी खडीच्या पक्क्या बैठकीवर हा चुरा पसरून रोलरने दाबला, की उन्हात त्यातले जुने बिटुमेन थोडे मऊ होऊन तो बसतो. मुरमापेक्षा त्याची धूळ कमी उडते आणि चिखलही कमी होतो. बिटुमेनच्या अशा चुऱ्यातून पाण्यात उतरणारी रसायने साधारणपणे फार कमी आढळली आहेत. तरीही विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या अगदी तोंडाशी तो टाकू नये, एवढी काळजी घेणे शहाणपणाचे.

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराचा धडा इथे उपयोगी आहे. तिथे वाहनतळ आणि घरासमोरचे डांबरी रस्ते काळेभोर दिसावेत म्हणून त्यांवर कोल टार असलेला लेप देण्याची पद्धत होती. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांना ओढ्यांच्या गाळात याच लेपाची रसायने सापडली. पुढे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, असा लेप असलेल्या वाहनतळाशेजारच्या घरांतल्या धुळीत बहुचक्री हायड्रोकार्बन इतर घरांच्या सुमारे २५ पट आढळले. चपलांबरोबर लेपाची भुकटी घरात येत होती आणि जमिनीवर रांगणारे मूल तिच्या सर्वांत जवळ होते. ऑस्टिनने २००६ पासूनच या लेपावर बंदी घातली होती. तसे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. रस्ता जुन्या मालाचा असो की नव्या, त्यात आणि त्यावर नेमके काय आहे हे विचारण्याचा हक्क आवारात राहणाऱ्याला आहे.

आक्षेप आणि अटी

‘आपल्याकडे नवा रस्ता वर्षभर टिकत नाही, जुन्या मालाचा काय टिकणार?’ हा आक्षेप स्वाभाविक आहे, पण त्यात दोन प्रश्नांची गल्लत आहे. रस्ता उखडतो तो मुख्यतः पाण्यामुळे, कच्च्या बैठकीमुळे आणि दबाई नीट न झाल्यामुळे. हे दोष असतील, तर कोरा मालही वाहून जातो. दुसरी भीती मात्र खरी आहे: जुना माल स्वस्त म्हणून ठेकेदार तो मोजमाप न करता भरेल आणि बिल नव्या मालाचे लावेल. त्यासाठी पुनर्वापर सोडून देण्याची गरज नाही. तो कागदावर आणून तपासण्याची आहे.

त्यासाठी प्रत्येक निविदेत चार गोष्टी असाव्यात. पहिली, नवा थर टाकण्याआधी तेवढाच जुना थर खरवडणे आणि रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याशी ताडून नोंदवणे. दुसरी, किती टन माल निघाला, कुठे साठवला आणि कुठे वापरला याचा जाहीर हिशेब. तिसरी, साठा छपराखाली ठेवणे, चाळून आकारमान वेगळे करणे, जुन्या बिटुमेनची आणि टारची तपासणी. ओला, मिसळलेला माल प्लांटमध्ये गेला की इंधन जास्त लागते आणि दर्जा घसरतो. चौथी, मजुरांसाठी बूट, हातमोजे, पाण्याचा फवारा आणि टायर जाळण्यास पूर्ण मनाई. याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरलेला हवा, नाहीतर तो सर्वांत आधी कापला जातो.

मोठ्या शहरांत डांबरी रस्ते काढून काँक्रीटचे केले जात आहेत. त्यामुळे येत्या काळात जुना डांबरी माल कमी नव्हे, जास्त निघणार आहे. तो पुन्हा रस्त्यात जाईल की कुणाच्या शेताच्या बांधाशी ढीग होऊन पडेल, हे यंत्र रस्त्यावर येण्यापूर्वी ठरते. म्हणून प्रभागात डांबरीकरणाचा फलक लागला, की नगरसेवकाला आणि अभियंत्याला ‘काम कधी संपणार?’ याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: खरवडलेला माल किती निघणार आणि तो कुठे जाणार? उत्तर टनांत आणि ठिकाणासकट मिळाले नाही, तर पुनर्वापर अजून कागदावरही आलेला नाही, असे समजावे.