जकातीची किल्ली कोणाच्या हाती?

परदेशी अध्यक्षाच्या एका आज्ञापत्राचा अर्थ अंधेरीच्या सीप्झमधील जवाहिर कारखान्यांना २७ ऑगस्ट २०२५ रोजी कळला. त्या दिवसापासून बहुतेक भारतीय मालावर अमेरिकेत ५० टक्के जादा जकात बसली. वास्तविक तेथील घटनेने हा अधिकार काँग्रेसला दिला आहे. अध्यक्षांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेतला. २० फेब्रुवारी २०२६ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो आधार फेटाळला. निकाल उचितच, पण मधल्या काळात तुटलेले गिऱ्हाईक कोणतेही न्यायालय परत आणीत नाही.

आणि आपल्या घरी? १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या ८-अ कलमान्वये सरकार तातडीने आयातकर वाढवू शकते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के कर असाच बसला. मात्र ती अधिसूचना लोकसभेपुढे ठेवल्यापासून पंधरा दिवसांत संमतीचा ठराव मांडावा लागतो. पळवाट आहे ती १९६२ च्या कायद्याच्या २५व्या कलमात. दिलेली करमाफी काढून घेतली की ती करवाढच होते, पण तेथे कागद सभागृहापुढे ठेवला की झाले! पंधरा दिवसांची तीच अट येथेही घालावी, अशी आमची मागणी आहे.