गल्लीचा वेग कोण ठरवतो?

वस्तीत नवा सिमेंट रस्ता झाला की नारळ फुटतो, नगरसेवकाच्या नावाचा फलक लागतो, पेढे वाटले जातात. वर्षानुवर्षे चिखल तुडवलेल्या माणसांना आनंद होणे स्वाभाविक आहे. त्यात आम्ही खोट काढत नाही. पण त्याच रस्त्यावर पुढच्या काही महिन्यांत काय घडते, तेही आम्ही पाहत आलो आहोत. खड्ड्यांमुळे जी गाडी दहाच्या वेगाने सरकत होती ती आता चाळीसने धावते. मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवण्यासाठी बाहेरची वाहने गल्लीत घुसू लागतात. मग एखाद्या संध्याकाळी शिकवणीहून परतणारे मूल चाकाखाली येते. लोक रास्ता रोको करतात, पोलीस येतात, चालकावर गुन्हा नोंदवला जातो, आणि रातोरात डांबराचा एक ओबडधोबड उंचवटा टाकून प्रकरण मिटवले जाते.

वकिलीच्या निमित्ताने अशा घरांचे कागद आमच्या हातांतून गेले आहेत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे आईबापांना आपल्या मुलाची किंमत रुपयांत मांडावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत १९९४ पासून न कमावणाऱ्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपये धरलेले होते. न्यायालयांनी काही निकालांत जास्त रक्कम धरली, पण अनुसूचीतला तो आकडा २०१८ पर्यंत हलला नाही. चालकाचा परवाना, विम्याची पॉलिसी, पंचनामा, साक्षीदार, सारे काही तपासले जाते. मात्र ती गल्ली अशी कोणी आखली, हा प्रश्न आम्ही पाहिलेल्या फायलींत कोणीच विचारलेला नव्हता. आज आम्हांला तोच प्रश्न विचारायचा आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. वाहनाचा वेग फलकापेक्षा रस्ता अधिक ठरवतो. सरळ, रुंद, गुळगुळीत आणि दूरपर्यंत मोकळा दिसणारा रस्ता चालकाला सांगतो, ‘पळव’. त्याच रस्त्याच्या तोंडाशी ‘सावकाश चालवा’ असा पत्रा ठोकून काय होणार? पाय ॲक्सिलरेटरवर जातो तो डोळ्यांना समोर दिसते त्यामुळे. म्हणून वेग कमी करायचा असेल तर समोर दिसणारा रस्ताच बदलला पाहिजे.

वेगाचे गणित शाळेतल्या मुलालाही समजेल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. म्हणजे मूल समोर आल्याचे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच ते तीन-चार घरे ओलांडून गेलेले असते. वेग २० असेल तर हेच अंतर साडेपाच मीटर होते. त्यानंतर ब्रेक लागल्यावर थांबण्यासाठी ४० च्या वेगाला २० च्या चौपट अंतर लागते, आणि धडकेचा जोरही चौपट असतो. वेग निम्मा केल्याने धोका निम्म्याहूनही खूप कमी होतो, तो असा.

आता कोणी म्हणेल, यामुळे लोकांचा वेळ वाया जाईल. चारशे मीटरची गल्ली ४० च्या वेगाने ३६ सेकंदांत पार होते, २० च्या वेगाने ७२ सेकंदांत. फरक ३६ सेकंदांचा. या ३६ सेकंदांसाठी आम्ही आमची लेकरे पणाला लावायची काय?

गतिरोधक तर आहेतच की, असे उत्तर वॉर्ड ऑफिसातून मिळते. आहेत, पण कसे आहेत? इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप १९८८ सालीच ठरवून दिले: ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, गोलाईदार. वाहन ताशी २५ च्या वेगाने धक्का न बसता पार व्हावे असा. त्यावर काळे-पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचना देणारा फलक हवा. आपल्या वस्तीतला गतिरोधक मोजून पाहा. हात-दीड हात रुंदीचा, वीतभर उंचीचा, पट्टे नसलेला तो डांबराचा गोळा रात्री दुचाकीस्वाराला पाडतो आणि बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षात तिला गचके देतो. असा गतिरोधक म्हणजे सुरक्षा नव्हे, ती एका अपघाताची दुसऱ्या अपघाताने केलेली भरपाई आहे.

शिवाय गतिरोधक हा अनेक उपायांपैकी एक आहे. गल्लीचे तोंड अरुंद करता येते, म्हणजे वळतानाच वेग कमी होतो. कोपऱ्याची गोलाई कमी केली की वळण काटकोनी होते आणि वाहनाला जवळजवळ थांबावे लागते. शाळेसमोर, अंगणवाडीसमोर, नळकोंडाळ्यासमोर रस्ताच पदपथाच्या पातळीला उचलून घेता येतो. तेथे माणूस रस्त्यात उतरत नाही, वाहन माणसाच्या पातळीवर चढते. पार्किंग एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूला दिले, मध्ये झाडाचा कट्टा बांधला, की सरळ पट्टी मोडते. यातले काही करायला परदेशी यंत्र लागत नाही. विटा, सिमेंट, रंग आणि अभियंत्याची इच्छा एवढेच लागते.

हे जगात कोठे झाले आहे काय? झाले आहे, आणि ते लोकांनी करून घेतले आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप आणि मुले रस्त्यावर उतरली. ‘मुलांची हत्या थांबवा’ हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. त्याच देशातल्या डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून राहत्या गल्ल्या नव्याने आखल्या जात होत्या. तेथे चालणाऱ्याचा आणि खेळणाऱ्या मुलाचा हक्क पहिला. वाहनाने माणसाच्या चालीने जायचे. १९७६ मध्ये तेथील कायद्याने अशा गल्ल्यांना मान्यता दिली. त्यांना त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच राहत्या घरांचे अंगण असा होतो.

अंगण हा शब्द आम्हांला फार जवळचा वाटतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तेव्हा गल्ली हेच त्यांचे अंगण असते. मुले तेथेच खेळतात, म्हातारी माणसे तेथेच उन्हाला बसतात, बायका तेथेच पापड वाळवतात, हळदीचा मांडवही तेथेच पडतो. बंगल्याच्या कुंपणाआड वाढणाऱ्या मुलापेक्षा आमच्या मुलाला गल्लीच्या वेगाचा धोका अधिक आहे, तो यामुळे.

२०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. शहाणपण आपल्याकडेही कागदावर आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मान्य केले. जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधमध्ये पदपथ रुंद झाले, बसायला बाक आले. चांगलेच झाले. पण ताडीवाला रोड, जनता वसाहत, येरवड्याच्या वस्त्या येथील किती गल्ल्यांपर्यंत हे धोरण पोहोचले, याचा हिशेब महापालिकेने नकाशासह मांडावा. रस्ता ज्या तिजोरीतून होतो ती तिजोरी सर्वांची आहे.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर ‘रस्ते’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. कारण या देशात माणसाला माणूस म्हणून रस्त्यावरून चालू दिले जात नव्हते. त्यासाठी १९२४ साली वायकोमला सत्याग्रह करावा लागला. पायी चालणारा व मोटारवाला हा भेद त्या अनुच्छेदातल्या यादीत बसत नाही, हे आम्ही जाणतो. पण सार्वजनिक पैशाने बांधलेला रस्ता म्हाताऱ्याला ओलांडता येऊ नये, मुलाला वापरता येऊ नये, असा आखला जात असेल, तर त्या शब्दाला अर्थ काय राहिला?

कायदा अगदीच मुका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. विहित मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर रस्ता आखणारे, बांधणारे व राखणारे प्राधिकरण, सल्लागार आणि ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड तुटपुंजा आहे, पण चूक केवळ चालकाची नसते हे संसदेने मान्य केले, ही मोठी गोष्ट आहे. त्याच दुरुस्तीतल्या कलम २१०-ड ने राष्ट्रीय महामार्गांखेरीज इतर रस्त्यांच्या रचनेचे नियम करण्याचा अधिकार राज्याला दिला. ते नियम सहा महिन्यांत करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना बजावले.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. गल्लीत भरधाव मोटारसायकल उडवणारा पुष्कळदा आपल्याच घरातला पोरगा असतो. त्याला घरच्यांनी दटावलेच पाहिजे. पण एकेकाला दटावून वस्ती वाचत नाही. नीट आखलेली गल्ली त्याला रोज, न बोलता, दटावते.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी वस्तीत रस्त्याचे काम येईल तेव्हा नारळ फोडण्याआधी नकाशा मागा. नाही दिला तर माहितीच्या अधिकारात मागा. गल्लीचे तोंड किती रुंद आहे, शाळेसमोर रस्ता उचलला आहे काय, गतिरोधक मापाचा आहे काय, हे लेखी विचारा आणि पोच घ्या. या निमित्ताने हातगाडीवाल्याला हुसकावण्याचा डाव कोणी टाकला तर तोही हाणून पाडा. सिमेंट ओले असताना जे बदल सहज होतात, त्यांसाठी ते सुकल्यावर एखाद्या मुलाचा जीव जाण्याची वाट पाहू नका.